रकाना क्रमांक नऊ

सामाजिक तपास अहवाल, पाने चार.
रकाना नऊ: मुलाचा स्वभाव.
जागा दीड ओळ.
साहेब म्हणतात, दीड ओळीत मावणार नाही असा स्वभाव
येरवड्याला अजून आलेला नाही.

जनता वसाहत. कॅनॉलवरून वर चढताना
दोनशे अकरा पायऱ्या मोजल्या,
मोजण्याजोगं दुसरं काही सापडेना म्हणून.
सुजलची आई, नंदा,
तीन घरच्या पोळ्या बुडवून माझ्यासाठी थांबलेली.
"तापट होता का?"
"पालीला भ्यायचा."
"तरी, रागीट वगैरे?"
"लाईट गेली की माझा पदर धरून बसायचा. आत्ता-आत्तापर्यंत."
मग बऱ्याच वेळानं, न विचारता,
"कोयता त्याचा नव्हता हो मॅडम.
हात मात्र त्याचाच होता."
हे कुठल्या रकान्यात घालू?

वडील: असतात अधूनमधून.
शाळा: नववीत सुटली.
संगत: चौकातली.
छापील पर्यायांवर बरोबरच्या खुणा
इतक्या भराभर उमटत गेल्या
की मला पेनाचंच भय वाटलं.

नवी पेठेत, दहा वर्षांची असताना,
कॅरमच्या राणीवरून
चुलतभावाच्या कपाळावर मी पितळी फुलपात्र हाणलं होतं.
चार टाके.
काका हसत डॉक्टरांना म्हणाले,
"पोरगी तापट आहे हो, वकीलच होणार."
तोच शब्द.
कॅनॉल ओलांडला की त्याला कलम लागतं.

असं लिहून झालं की जरा बरं वाटतं.
पण ज्याच्या बरगडीत ते पातं अडकलं
तोही ह्याच गल्लीतला, सात दारं सोडून.
त्याचं दार उघडंच होतं.
उंबऱ्याशी स्टीलचं ताट, झाकलेलं.
मी चपला हातात घेऊन पुढे गेले,
कुणी झोपलेलं नसताना.

अनिकेत, सुजलहून सव्वा वर्षानं मोठा,
दांडेकर पुलाजवळ झेरॉक्सच्या दुकानात कामाला.
तेच घर, तोच बाप,
लाईट जाणारी तीच खोली.
आधार कार्डाच्या प्रती काढता काढता म्हणाला,
"सगळे त्यानं का केलं विचारतात.
मी का नाही केलं, ते नाही का लिहून न्यायचं?"
विचारलं मी.
मशीनचा हिरवा उजेड
त्याच्या हनुवटीखालून सरकत गेला.
"काय माहीत," तो म्हणाला,
"त्या संध्याकाळी दुकानात गर्दी होती."
सहा रुपये झाले. चार परत दिले, मोजून.

रात्री रकाना नऊमध्ये लिहिलं:
पालीला भितो.
उरलेली एक ओळ तशीच ठेवली.

साहेबांनी त्याभोवती लाल गोल काढला.
नवा फॉर्म टेबलावर आहे.
तारीख सोमवारची.