वैधता क्रमांक

सर्व्हरशी बोलायचं तर प्रत्येक वाक्याला आधी बिल्ला लावायचा:
अ१, अ२, अ३.
तो उत्तर देतो मनाला येईल तेव्हा,
आणि मधेच तिसरंच काही सांगून टाकतो,
सातवं पत्र गेलं.
गेलं म्हणजे आठवं आता सातवं,
नववं आठवं,
आणि मी धरलेलं बोट भलत्याच कुणाचं.

आकुरेइरीत जानेवारीत उजाडतं अकराला.
तोवर मी नियमावलीची पानं चाळते.
'पाठवलेली' या एका कप्प्याला
नऊ सर्व्हरांनी नऊ नावं दिलीत,
एकानं तर जर्मनमध्ये.
पुसलेलं पत्र पुसलेलं नसतं, नुसती खूण असते त्यावर;
एक बहाद्दर मात्र खूण दिसताच गिळतो
आणि वर म्हणतो, ठीक.
मी ऐकत बसते त्याचं मौन
एकोणतीस मिनिटं,
मग विचारते, आहेस ना रे?

मंगळवारी गुद्लोइगचं पत्र आलं, सिग्लुफ्योर्दुरहून.
बंदराच्या कचेरीत हिशेब लिहायची, आता घरीच असते.
"तुझ्या त्या प्रोग्रॅमनं माझा भाऊ नेला."
एवढंच. खाली सही, पूर्ण नावानं.

नोंदी उघडल्या.
तिच्या कंपनीनं रातोरात सर्व्हर हलवला होता,
जुनी पत्रं मागेच टाकून.
नव्या जागेचा वैधता क्रमांक वेगळा,
आणि तो बदलला की नियम सांगतो:
जवळचं सगळं विसर, पहिल्यापासून माग.
माझा प्रोग्रॅम विसरला.
मग मागायला गेला. समोर काहीच नव्हतं.
मी चूक शोधत राहिले चार दिवस,
ती नव्हतीच,
याचाच राग आला.

तिनं डिस्क पाठवली लोकरी मोज्यात गुंडाळून.
मोकळ्या म्हणवल्या जाणाऱ्या जागेत खरवडत गेले.
एकशे चाळीसपैकी एकवीस हाती लागली,
आमची खास अक्षरं प्रश्नचिन्हं झालेली.
एकात होतं:
दारा?ला बर्फ काढू नकोस. मी शनिवारी ये?

येतो की येत नाही,
नेमकं तेवढंच गेलेलं.

आता माझा प्रोग्रॅम विसरण्याआधी
सगळं एका बाजूला ठेवतो.
एयगिर म्हणतो, हे नियमात नाही, डिस्क भरेल.
भरेल.

गुद्लोइगला फोन केला, ते वाक्य वाचून दाखवलं,
प्रश्नचिन्हासकट.
पलीकडे किटली वाजत होती, ती बंद करून आली.
"आला होता," म्हणाली, "उशिरा.
तोवर मीच काढला होता बर्फ."