फळी

बाबी सुताराने विचारलं, कशाला हवी?
मी म्हटलं, खाटेवरून खुर्चीत जायला.
त्याने कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली,
आणि सांजेला माप घ्यायला घरी आला.

होडी तीन पावसाळे सुरूच्या बनात पालथी होती.
तिच्या कुशीतली एक फणसाची फळी निघाली,
मिठाने पांढरी, पण आत अजून पिवळी.
बाबीने तासली, घासली, खोबरेल पाजलं,
कडा बोटाने पुन्हा पुन्हा चाचपल्या.
"तिका लागला तरी कळूचा नाय, म्हणान घासतंय."

बांबोळीला डॉक्टरनी फिल्मवर बोट ठेवलं होतं,
भरतीची रेघ दाखवावी तसं:
इथवर आहे. इथून खाली नाही.

गाडी मी चालवत होतो.
हे वाक्य आमच्या घरात कुणी बोलत नाही.
हेमांगी मागे आडवी बसलेली, मांडीवर पाटी,
पाटीत पेडवे, मठच्या वळणावर म्हैस.
मला ढोपराला तीन टाके पडले.
ते आठव्या दिवशी काढले.

रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलायची.
आधी मोबाईलवर गजर लावायचो.
आता वारा फिरल्यावर जाग यावी तशी येते:
दहा, बारा, दोन, चार.
चारला जाळ्यावर जाणारे खळ्याकडेने जातात,
खोकतात, हाक मारत नाहीत.
मी तिचा गुडघा दुमडतो, मधे उशी सारतो,
तिचे पाय माझ्या हातात जड, आणि कुणाचेच नाहीत.

नळी घालायला नर्सने मला शिकवलं.
बारीक आसाचं जाळं विणणारे हात,
तरी थरथरायचे.
तीन महिने तिने छताकडे बघत सोसलं,
मग एका सकाळी म्हणाली,
"आरसो हाड. माझा मी करतंय."
कुंकवाच्या पेटीतला तो आरसा.
त्यातच ती रात्री टाचा बघते, माकडहाड बघते,
कुठे लाल झालंय का,
आणि मग, उरलाच वेळ, तर कपाळ.

उंबरठा कापला. दारात चिऱ्याचा उतार केला,
तो जास्तच झाला.
पहिल्याच दिवशी खुर्ची सुटली ती थेट तुळशीपर्यंत.
तिने गवंड्याला सात पिढ्यांसकट शिवी दिली.
आम्ही सगळे जागच्या जागी उभे,
अकरा महिन्यांत तो आवाज ऐकला नव्हता.
सारवलेल्या खळ्यात चाकांच्या दोन रेघा राहिल्या.
शलाकाने दोन दिवस त्यांवर झाडू फिरवू दिला नाही.

शलाकाला शाळेत निबंध होता, माझी आई.
तिने पंक्चर कसं काढतात ते लिहिलं.
बाईंनी दहातले सहा दिले,
'मणका' शब्दाखाली लाल रेघ.
'न' नव्हे 'ण', एवढंच.

गुरुवारी फिजिओथेरपीवाला मुलगा कुडाळहून येतो.
रेतीच्या पिशव्या उचलायला लावतो तिला.
रेती आमच्याच किनाऱ्याची, मोजून दोन किलो.
तिचे दंड आता माझ्यापेक्षा भरीव आहेत.
बाजारात ती परत बसते, गुरुवार सोडून.
बायका पूर्वी वाकून भाव करायच्या,
आता ताठ उभ्या राहून करतात,
एक रुपया जास्त देत नाहीत.
तिला ते बरं वाटतं.

आमच्यात बाईने होडीला पाय लावायचा नाही.
होडी पाण्यात होती तोवर
ती फक्त किनाऱ्यावर पाटी घेऊन उभी राहिली.
आता दिवसातून सात-आठदा
तिच्याच फळीवर बसते.
एक टोक मांडीखाली, एक खुर्चीवर,
मधे वीतभर काहीच नाही.
हाताच्या मुठी दाबते, अंग उचलते,
सरकते. थांबते. सरकते.

"हात लावू नको," म्हणते.
मी हात पाठीमागे धरून उभा राहतो.
खांद्यात कळ येते, तरी धरून ठेवतो.
तिला हे चार महिन्यांत जमलं.
मला अजून नाही.