पेव

हरिपूरला, संगमाच्या अलीकडं,
सिदू आंबीनं मला दाखवलं पेव कसं उघडतात.
आधी माती बाजूला, मग फरशी,
मग दिवसभर नुसतं थांबायचं,
कोंडलेली हवा बाहेर येऊ द्यायची.
मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा.
विझला, तर माणूस उतरत नाही.

मी बाजार समितीत कारकून.
हळदीच्या सौद्यांच्या रद्द पावत्यांमागं
जुन्या चिनी कविता उतरवायचे,
इंग्रजीतून; म्हणजे दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी.
पहिल्या ओळीत पाखरू, नाहीतर गवत,
आणि मग काही न सांगता एकदम बाई,
वाट बघणारी.
मधला पूल कुणी बांधलेलाच नाही.
सिदू म्हणाला,
"उतार ठाऊक असल्यावर पूल कशाला?"

त्याला सांगितलं, तिकडं म्हणे
वसंतात राजाची माणसं
लाकडी जिभेची घंटा हलवत गावोगाव फिरायची,
गाणी गोळा करत.
पोरंबाळं नसलेल्या म्हाताऱ्यांना
सरकारातून अन्न मिळायचं, कापड मिळायचं,
काम एवढंच:
शेजारीपाजारी काय गातात ते ऐकून ये.
त्यावरून राजाला कळायचं
कुठलं पीक बुडालं,
कुठल्या घरचा शिपाई परतला नाही.
सिदूला मूलबाळ नव्हतं.
त्यानं विचारलं, "अजून भरती हाय का?"

पुढं एका सम्राटानं बांबूच्या पट्ट्या जाळल्या.
कविता उरल्या,
पट्टीवर होत्या त्याहून जास्त तोंडात होत्या म्हणून;
चार-चार अक्षरं,
मापट्यानं भरल्यासारखी.
मग त्या डोंगर चढल्या, समुद्र ओलांडला.
जपानात, कोरियात लोकांनी
उसन्या अक्षरांत आपापला चंद्र लिहिला,
आणि उसनं कधी फेडलं
हे कुणाच्या खातेवहीत नाही.

दोन हजार पाचला कृष्णा पेवांत उतरली.
तिला कंदील लागला नाही.
पोती फुगली, हळद कुजली,
महिनाभर गावाला तोच वास.
एकोणीसला ती माझ्या घरात आली.
ट्रंकेतल्या पावत्यांचा लगदा झाला,
फिकट पिवळा.
आठ वर्षांचं काम मी फावड्यानं बाहेर काढलं.

दिवाळीनंतर घाटावर गेले.
सिदूला आता दिसत नाही.
पायरी चाचपत बसला, म्हणाला,
"तुमचं ते एक माझ्यापाशी हाय."

टिटवी वरडती पल्याड,
हळद शिजती काहिलीत.
सेलमला गेलेल्या गड्याचं
जेवण झालं आसंल का?

माझ्या पावतीवर हंस होता.
हळद नव्हती. सेलम नव्हतं.
उत्तरेच्या भिंतीवर पहाऱ्याला गेलेला
कुणाचा तरी नवरा होता,
आणि बाई त्याच्यासाठी लोकरीचं काही शिवत होती.
जेवणाचं तर कुणी विचारलंच नव्हतं.

"बरोबर हाय न्हवं?" सिदूनं विचारलं.
पलीकडं वारणेचं पाणी मिसळत होतं,
जरा गढूळ, जरा वेगळ्या रंगाचं,
आणि मी पिशवीत पेन शोधत होते.