नदीच्या नावाचा पक्ष

भिलवडीत एसटी स्टँडमागची भिंत माझ्या हाताची.
जालिंदरभाऊंचं नाव तिच्यावर पहिल्यांदा लिहिलं
तेव्हा मला मिसरूड फुटत होतं.
शेजारी कपबशी होती.
मग शिट्टी.
मग परत कपबशी, पण दुसऱ्या गटाची,
तिचा कान मी मुद्दाम डावीकडं काढला.
नाव तेच राहतं. चुना लागतो फक्त चिन्हाला.

परवा हळदवाल्या शेटेंची पोरगी व्हिडिओ कॉलवर होती,
डॉक्टरकी शिकते सेगेदला, हंगेरीत.
म्हणाली, काका, इथं माणशी दोन चिठ्ठ्या देतात,
एक उमेदवाराला, एक पक्षाला.
शेटे हसले. आपल्याकडं पाहिजे होतं हे,
माणूस पळाला तरी दुसरी चिठ्ठी जागेवर.
मी विचारलं, आणि पहिली?
पोरगी म्हणाली, आवाज कट होतोय.

तिथं म्हणे एका पक्षाचं नाव
गावातनं वाहणाऱ्या नदीचंच आहे, तिसा.
चार इंची ब्रशनं नदी कशी काढायची
याचा हिशेब करत मी घरी आलो.
निळा डबा. एक वळण.
पण काठ कुठं थांबवायचा?

आमची कृष्णा त्या पुरात
भिंतीपर्यंत आली होती, सहा दिवस राहिली.
गेली तेव्हा चुन्याचे सगळे थर सुटलेले,
आणि कपबशी, शिट्टी, कपबशी
एकीतनं एक दिसत होत्या.
जालिंदरभाऊ सकाळीच आले.
म्हणाले, आधी हे पुसून घे.

मी म्हटलं, वाळू दे.