आठ सेंटिमीटर

नळी तीन वेळा आपटायची, रबराच्या तुकड्यावर.
टक, टक, टक.
माशा तळाशी पडतात. मग घड्याळ.
दहा सेकंदांत निळी रेघ ओलांडतील त्या निरोगी.
उरलेल्या मी वहीत लिहिते.

पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, त्याच या, तिळाएवढ्या.
यांच्या मेंदूत आम्ही ठेवलंय माणसाचं
घडी चुकलेलं एक प्रथिन.
पंचविसाव्या दिवशी म्हाताऱ्या होतात,
काचेला पुढचे पाय लावतात
आणि कशाला आलो ते विसरल्यासारख्या थांबतात.
विसरल्यासारख्या, असं लिहायचं नसतं.
लिहायचं : सहा.

खारघर, तिसरा मजला. रात्री तळोज्याकडून
काहीतरी जळकं, गोडसर येतं खिडकीतून
आणि दारातल्या आमच्या यीस्ट-गुळाच्या वासाशी भांडतं.
सोसायटीत कुलकर्णीकाकू विचारतात,
पीएचडी झाली ना गं? मग अजून शिकतेसच?
मी छत्तीस वर्षांची. हो म्हणते.
चार महिने पैसे आलेले नाहीत, ते सांगत नाही.

माशांचं जेवण ओवे गावच्या कमळीताई रांधतात.
मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगर,
गुठळी नाही एक.
परवा ट्रेकडे नुसतं बघून म्हणाल्या,
"या आज वर जानार नाय, बाय."
मी आपटली. मोजली. विसांतल्या तीन.
कसं कळलं?
"खानं तसंच हाय की.
माज्या दिराचं असंच झालेलं. हात नंतर कापले.
आधी ताट ऱ्हायाला लागलं."

त्या रात्री मी वहीत एक रकाना वाढवला.
सर म्हणाले, हे काय?
म्हटलं, उरलेलं अन्न.
नमुने फार कमी आहेत, म्हणाले,
पण खोडलं नाही त्यांनी.

एकतीस मार्चला माझा करार संपतो.
मुदतवाढ : निधी आल्यास.
नव्या अर्जात प्रश्न आहे,
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?
पाचशे शब्दांत.
पाच वर्षं म्हणजे माशांच्या शे-सव्वाशे पिढ्या.
दर पंधरवड्याला कुणीतरी
जुन्या नळीवर नवी उपडी धरेल,
हलकेच ठोकेल,
कापसाच्या बोळ्याखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी
एकेका हातानं पुन्हा लिहिली जाईल,
आणि कधीतरी माझा ध त्यात घ होईल.

अर्ज तसाच उघडा आहे.

आज शेवटची नळी. दहा सेकंद झाले, आकडा लिहिला : चार.
घड्याळ बंद केलं, तरी नळी ठेववेना.
एक होती, साडेसातावर. घसरली. परत लागली.
पंख एका बाजूला चिकटलेला.
चाळिसाव्या सेकंदाला
ती रेघेवर उभी राहिली, इकडेतिकडे बघत असावी तशी.
वहीत ती खालीच आहे.

कमळीताई टोपाची खरवड काढत होत्या.
न वळताच म्हणाल्या,
"तिला उंद्या ताजं घाल."