पिशवीसकट

रात्री साडेअकराला तांडेल हवालदारांचा फोन:
शेठ, काटा घेऊन या, खाडीकडच्या रस्त्याला.
पंचनाम्याला माझाच काटा जातो, नऊ वर्षं झाली.
कोपरखैरण्यात आणखी सहा-सात सोनार आहेत,
पण ते रात्री फोन उचलत नाहीत.

जीपच्या बॉनेटवर काटा मांडला.
खाडीचा वारा असा, की आकडे ठरेनात.
दोन शिपायांनी टॉवेल ताणून आडोसा धरला,
तिसऱ्याने मोबाइलचा उजेड,
तान्ह्याला वारा लागू नये, तसं सगळं जपून.

पोरगा उकिडवा बसलेला.
घरोघरी जेवण पोचवणाऱ्यांचा लाल टी-शर्ट,
तोंडावर काळा कपडा,
कान तेवढे उघडे.
डावं भोक उजव्यापेक्षा एक तांदूळ खाली.

हात माझा.
बाराव्या दिवशी सुगंधाने मांडीवर धरला होता,
ऐन वेळी याने मान झटकली.
सोनाराने कान टोचले की दुखत नाही म्हणतात.
हा बोंबलला होता, सगळ्या सेक्टरला ऐकू जाईल असा.

बाप मसाला मार्केटात पन्नास किलोची गोणी
पाठीवर घ्यायचा, कंबर मोडेपर्यंत.

पन्नास ग्रॅम, चारशे दहा मिलिग्रॅम.
झिपची पिशवी. असल्या पिशव्या माझ्या खणात शेकड्याने,
एक भरते ग्रॅमला थोडी जास्तच.
पन्नासच्या वर गेलं
की शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते,
काट्यामागे उभं राहून राहून हेही पाठ झालंय.
मी म्हटलं, साहेब, पिशवी वजा…
साहेब चिडले नाहीत. हसले.
शेठ, हे काय सोनं आहे?

मी सही केली.
माझी सही वळणदार आहे, शाळेत बक्षीस होतं अक्षराला.

परतताना आठवलं, आठवायचं नव्हतं तरी.
आषाढात विश्रामशेठ आले होते.
तळोज्यात बंद पडलेली औषधांची कंपनी घेतलीय, म्हणाले,
मंडळाच्या गणपतीला चांदीचा मुकुट करा, सव्वातीन किलो.
रोख.
पावती त्यांनी मागितली नाही, मी विचारली नाही.
त्या कंपनीत रात्री कसलं औषध शिजतं
ते तिथल्या कुत्र्यांनाही माहीत,
नाक पोळतं म्हणून ती गल्ली सोडून गेलीत.
मुकुटातली लाख मात्र मी वजा करून दिली,
ग्रॅम न् ग्रॅम.
एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला
लाखेचे पैसे चांदीच्या भावाने कसे लावायचे?

चौथ्या दिवशी सुगंधा आली.
दोन बांगड्या, एक डोरलं, रुमालात.
वकील पहिल्या तारखेलाच एवढे मागतो, म्हणाली.
काटा तोच.
मी घट धरली नाही,
वर तीन हजार सारले, न बोलता.
तिने नोटा मोजल्या, थुंकी लावून, पुन्हा मोजल्या,
आणि तीन हजार काचेवर परत ठेवले.
"जेवढं भरलं तेवढंच द्या."
माझ्या तोंडाकडे बघितलं नाही,
हातांकडे बघत होती.

कागदावर काटेवाल्याचंही नाव असतं.
वकिलाने वाचून दाखवलं असेल.
नसेलही.

नोटा मी उचलल्या नाहीत. पंख्याने कोपरे हलत होते.
संध्याकाळी मंडळाची पोरं आली, पावतीबुक घेऊन.
वर विश्रामशेठ, फोटोसकट: प्रमुख आश्रयदाते.
सगळ्यात लहान पोराच्या कानात बाळी, माझ्याकडचीच,
त्याने काचेवरच्या नोटांकडे बघितलं,
पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"काका, आकडा किती लिहू?"