नाव खोडून जा

आत या, दार लोटा, वाऱ्याने माझे कागद उडतात.
बूट राहू द्यात पायात, चर्चच्या हॉलला चिखल नवा नाही.
मी ॲग्नेस मौन्सी. एकतीस वर्षं ह्याच टेबलामागे.
पिशवी उघडा. "आहे सगळं" म्हणू नका, काढून दाखवा.

जाकीट. शिवणींवर आतून पट्टी हवी,
हे तुमचं शहरात मिरवायचं, वर अर्ध्या तासात पोतेरं होईल.
विजारही तसलीच. टोपी, हातमोजे.
शिट्टी. वाजवा बघू.
सगळेच लाजतात. लाजायचं ते इथे लाजून घ्या.
नकाशा, होकायंत्र,
आणि सुईचं लाल टोक कुठे बघतं हे ठाऊक असलेला एक माणूस,
तो तुम्हीच असायला हवा.
फोन न्या हवा तर. दुसऱ्या खिंडीपलीकडे त्याचं घड्याळ होतं.

सतरा मैल. चढ साडेपाच हजार फूट.
सपाट जागा विचाराल तर ही फरशी, जिच्यावर उभे आहात.
ग्रिसल पाइक इथून छान दिसतो, हो,
दुरून सगळेच साजरे; जवळ गेलात की तो ओला असतो.
खाली ऊन आहे म्हणता? खालचं ऊन खालीच राहतं.

मेंढ्यांच्या वाटा अगदी वाटेसारख्या दिसतात.
त्यांच्यामागे जाऊ नका, मेंढीला कुठेच पोचायचं नसतं.
फाटक उघडलंत तर लावा. दगडी भिंतीवर चढू नका,
एक दगड घसरला की डिक्सन फोन करतो, तोही मला.
पहिल्या चौकीवर विल्फ. तो बोलत नाही.
त्याच्या कुत्रीला बिस्किट देऊ नका, ती मग तुमच्याबरोबर येते.
तिसऱ्या चौकीवर एक वाजता दोरी आडवी पडते.
एक वाजून एक मिनिटाने पोचलेले लोक रडलेत तिथे,
एक तर वकील होता. दोरी हलली नाही.

आता पेन ठेवा खाली.
शर्यत मध्येच सोडावीशी वाटली तर खुशाल सोडा.
पण कुठल्याही रस्त्याने, कुणाच्याही गाडीतून, लंगडत, रांगत,
परत इथे या आणि मला तोंडाने सांगा.
मी पट्टी ठेवून तुमच्या नावावर रेघ मारते.

एका साली दोनशे तीन नावं होती. रेघा दोनशे दोन.
एकशे बारा नंबर कोराच.
सहा वाजले, सूप आटत गेलं.
आठला बॅटऱ्या घेऊन चौदा जण वर निघाले, त्यात माझा अर्नल्ड.
त्या खिडकीशी उभी राहून मी ठिपके मोजले,
चौदा, तेरा, परत चौदा,
एकदा बारा. मग धुकं आलं
आणि मोजायलाच काही उरलं नाही.

पहाटे साडेचारला कुणाच्या तरी बहिणीचा फोन लागला.
एकशे बारा प्रेस्टनला, आपल्या पलंगावर, गाढ झोपेत.
गुडघा दुखला म्हणून दुपारच्याच बसने गेला होता.
अर्नल्डला सातला खाली आणलं, दोघांच्या खांद्यांवरून.
तो पुढे धावला नाही कधी.
तो काय, पातेल्यापाशी बसून कांदे चिरतोय.
विचारलंत तर "पाऊस होता" म्हणेल, तेवढंच.
एकशे बारा दरवर्षी केक पाठवतो, आल्याचा.
आम्ही खातो. चांगला असतो.

हा घ्या नंबर, चार पिना, चारी कोपरे टोचा.
दहाला सुटायचं, पुलापासून. संडास मागच्या बाजूला, रांग आहे.
काय नाव म्हणालात?
सावकाश, एकेक अक्षर सांगा.
नीट लिहू दे मला.
संध्याकाळी खोडायचंय ते.